विंडोज ११ ला तुमचा आय-सेव्हन का चालत नाही?

पीएचडीसाठी सेकंडहँड लॅपटॉप किंवा पीसी बघताय? मग थांबा जरा. २०१७ चा आय-सेव्हन-७७०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मंद सेलेरॉन एन४०२० मात्र आहे! जून २०२१ मध्ये अटी जाहीर झाल्या तेव्हा लोक चिडले ते यामुळेच. रॅम तर फक्त ४ जीबी मागितली होती. मग अडलं कुठे?

हार्डवेअरची अट म्हणजे वेगाची अट, असं आपण धरून चालतो. इथे मुख्य भर सुरक्षेवर आहे: सिक्युअर बूट, टीपीएम २.० (एनक्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी चिप, कधी प्रोसेसरमध्येच असते) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमच्या लॅबमधल्या एकाने नव्या पीसीचं कोटेशनसुद्धा मागवलं होतं; टीपीएम होतं, फक्त बायोसमध्ये बंद! म्हणून आधी रनमध्ये 'टीपीएम डॉट एमएससी' टाकून बघा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. उपकरणाला जोडलेला जुना पीसी असेल तर त्याचं इंटरनेट काढा, पण घाईने बदलू नका. उपकरणाचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का, हे आधी कंपनीला विचारा.