बारावीचं वर्ष गाळण्याआधी

अमेरिकेतलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि ते तीन किंवा साडेतीन वर्षांत संपवण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी मिळते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हा विषय निघतोच. मूल गणितात वर्गाच्या पुढे आहे, शाळेत कंटाळतं आहे, मग एक वर्ष कशाला वाया घालवायचं, असा साधा विचार त्यामागे असतो. या विचाराला चिकटलेल्या समजुतींपैकी सगळ्यात महागात पडणारी समजूत पैशाची आहे, म्हणून आधी तीच घेऊ. एक वर्ष वाचलं म्हणजे एका वर्षाचा खर्च वाचला, असं अनेक पालक धरून चालतात. पण सरकारी हायस्कूलला फी नसते. गाळलं जातं ते वर्ष फुकटचं. जिथे खरा पैसा जातो ती कॉलेजची चार वर्षं जशीच्या तशी राहतात. उलट कॉलेजचा खर्च कमी करण्याची सगळ्यात मोठी संधी बारावीतच असते. एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट), म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय; त्यांच्या परीक्षेची फी विषयामागे सुमारे शंभर डॉलर, आणि तीत चांगले गुण पडले तर अनेक विद्यापीठं तो विषय पदवीत धरतात. त्याहून मोठी सोय म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेणं. मिनेसोटाने १९८५ मध्येच तसा कायदा केला. वॉशिंग्टन राज्यात ‘रनिंग स्टार्ट’ योजनेखाली अकरावी-बारावीची मुलं ट्यूशन फी न भरता कम्युनिटी कॉलेजात शिकतात, आणि त्यातली काही शाळेच्या डिप्लोमाबरोबरच दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन बाहेर पडतात.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की वर्षभर आधी बाहेर पडलेल्याला नोकरीही वर्षभर आधी लागते, ते उत्पन्न हिशेबात का धरू नये? धरावंच. पण कॉलेजचे विषय शाळेतच उरकलेल्या मुलालाही पदवी लवकर मिळू शकते, म्हणजे तेच वर्ष त्याच्याही हाती येतं आणि कॉलेजची तेवढी फीही वाचते. दुसरा आक्षेप असा, की सगळी विद्यापीठं हे विषय धरत नाहीत. हेही खरं. डार्टमथ आणि कॅलटेक एपीच्या गुणांवर पदवीचे क्रेडिट देत नाहीत. पण तिथेही लवकर येणाऱ्याची चार वर्षं तीन होत नाहीत. शाळेत एपी नाही, जवळ कम्युनिटी कॉलेज नाही, शिकण्यासारखं सगळं शिकून झालं आहे, अशा ठिकाणी मात्र पैशाच्या बाजूनेही लवकर निघण्यात अर्थ आहे. इंडियाना राज्याने तर २०११ मध्ये किमान वर्षभर आधी हायस्कूल संपवणाऱ्यांसाठी चार हजार डॉलरची शिष्यवृत्ती सुरू केली.

डिप्लोमाला लागणारे क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक, भरले की काम झालं, ही दुसरी समजूत. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय असल्याने नियम जागोजागी वेगळे आहेत. फ्लोरिडात नेहमीच्या डिप्लोमाला २४ क्रेडिट लागतात, पण लवकर बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी १८ क्रेडिटचा अधिकृत मार्गही आहे. न्यू जर्सीत १२० क्रेडिट लागतात, त्यातले २० इंग्रजीचे, म्हणजे वर्षाला ५ प्रमाणे चार वर्षांचं इंग्रजी. ते तीन वर्षांत बसवायचं तर उन्हाळी वर्ग किंवा एका वर्षात दोन इंग्रजी. हे जमवता येतं. अडचण पुढे आहे, कारण डिप्लोमा मिळणं वेगळं आणि हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळणं वेगळं. कॅलिफोर्निया विद्यापीठाला वर्षभराचे १५ विषय लागतात आणि त्यातले ११ शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी झालेले असावे लागतात. तीन वर्षांत निघणाऱ्याने ते दहावीअखेर संपवायचे.

आता कॅलेंडर पाहा. कॉलेजचे अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला जातात; लवकरच्या फेरीची मुदत बहुधा १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. अकरावीत अर्ज करणाऱ्या मुलाच्या गुणपत्रकावर तेव्हा फक्त नववी आणि दहावी असते. अवघड विषय अकरावीत असतात, आणि त्यांचे पूर्ण वर्षाचे गुण अर्जाच्या वेळी हातात नसतात. शिफारसपत्र लिहायचं ते दहावीच्या शिक्षकाने, नाहीतर ज्याच्या वर्गात मूल जेमतेम दोन महिने बसलं आहे त्याने. एसएटी ही प्रवेशपरीक्षा द्यायची असेल तर ती बहुधा दहावीतच किंवा त्या उन्हाळ्यात उरकावी लागते. त्याच ढिगातल्या बाकीच्या अर्जांमागे तीन वर्षांचे गुण असतात. लवकर संपवलं म्हणजे प्रवेश समितीवर छाप पडेल, असं मानणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा: जे मूल चौथ्या वर्षी उठून दिसलं असतं, ते तिसऱ्या वर्षी अपुऱ्या कागदांनिशी उभं राहतं. डिसेंबरात शाळा संपवणाऱ्यांचं आणखी वेगळं. जानेवारीत प्रवेश देणारी कॉलेजं कमी, आणि शिष्यवृत्त्या बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशांसाठीच राखलेल्या.

लहान वयात कॉलेजात गेलेली मुलं एकटी पडतात, मनाने खचतात, ही भीती मात्र पुराव्यावर टिकत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातल्या १,६३६ जणांचं पन्नाशीच्या सुमाराचं मानसिक स्वास्थ्य तपासणारा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शालेय वयात कोणी किती वेगाने पुढचा टप्पा गाठला आणि पुढे तो किती समाधानी राहिला, यांचा संबंध आढळला नाही. लवकर कॉलेजात जाणं नवंही नाही: मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) १९४४ मध्ये पंधराव्या वर्षी मोअरहाऊस कॉलेजात गेले होते. तरी स्टॅन्लींच्या अभ्यासाचा आधार घेताना एक मर्यादा पाळली पाहिजे. त्यातली मुलं चाचण्यांतून निवडलेली, अपवादात्मक कुवतीची होती. मित्रांशी बिनसलं म्हणून किंवा शाळा नकोशी झाली म्हणून निघू पाहणाऱ्या मुलाबद्दल तो अभ्यास काहीच सांगत नाही. अशा मुलाला आधी काय होतंय ते विचारायला हवं; क्रेडिटचा तक्ता नंतर.

वयाशी जोडलेली आणखी एक समजूत पालकांची: मूल सोळा-सतराचं आहे, म्हणजे गुण आणि हजेरी आपल्याला कळतच राहील. पण विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीच्या १९७४ च्या फर्पा कायद्याप्रमाणे कॉलेजात नाव नोंदवताच, वय काहीही असो, शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो. कर भरताना मूल अवलंबित दाखवलं असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. याउलट बहुतेक राज्यांत अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्याच्या उपचारांना पालकांची संमती लागते आणि भाडेकरारावरही त्यांचीच सही लागते. म्हणजे जबाबदारी घरी आणि माहिती मुलाकडे.

पालक एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मुलं त्यांच्यावर अवलंबित म्हणून एच-४ व्हिसावर असलेल्या कुटुंबांची गोष्ट थोडी निराळी. मुलांचा एच-४ एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. पदवीचा जास्तीत जास्त भाग २१ वर्षं पूर्ण होण्याआधी व्हावा, हे त्यांचं कारण खरं आहे. पण ही मुदत वयावर चालते. शाळा लवकर संपवल्याने ती पुढे सरकत नाही, आणि एच-४ वरच्या मुलाला लवकर पदवी मिळाली तरी त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. भारतात परतून एमबीबीएस करायचं असेल तर प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण लागतात, ते वय भरत नसेल तर तिथे घाईचा उपयोग नाही.

नववी संपण्याआधी शाळेच्या काउन्सेलरला भेटा आणि तीन वर्षांचा आराखडा कागदावर मागून घ्या. मग मुलाला विचारा, मोकळ्या झालेल्या वर्षात नेमकं काय करायचं आहे. ठरलेलं प्रशिक्षण, हातात आलेली नोकरी, घरची गरज किंवा शाळेत न मिळणारा अभ्यास, असं काही नाव घेऊन सांगता येत असेल तर त्याला जाऊ द्या. ‘लवकर कॉलेज’ एवढंच उत्तर आलं, तर बारावी करू द्या.