हिरोमु नोनाका : सत्ता आणि जन्म

जपानात जात आहे काय, असे आपल्याकडचे सुशिक्षितही विचारतात. एकच वंश, एकच भाषा, बुद्धाचा वारसा असे त्या देशाचे चित्र आपल्यासमोर असते. त्या चित्रात बुराकू समाज दिसत नाही. तोकुगावा राजवटीत मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे, देहदंडाची कामे करणारे लोक 'एता' आणि 'हिनिन' ठरवून वेगळ्या वस्त्यांत राहायला लावले होते. १८७१ च्या फर्मानाने ही नावे रद्द झाली. वस्ती मात्र तीच राहिली आणि वस्तीवरून जन्म ओळखला जाऊ लागला. बुराकू वस्त्यांच्या याद्या गुप्तपणे छापून कंपन्यांना विकल्या जातात, हे १९७५ साली उघडकीस आले. नोकरी देण्यापूर्वी उमेदवाराचे मूळ शोधता यावे, हा त्यांचा उपयोग.

या समाजात जन्मलेला एक माणूस जपानच्या सनातनी वळणाच्या सत्ताधारी पक्षाचा, लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा, सरचिटणीस झाला. सत्तापद मिळाले की जन्माचा शिक्का पुसला जातो काय, हा प्रश्न आपल्या चळवळीत वारंवार येतो. म्हणून हिरोमु नोनाका यांची कारकीर्द मला तपासावीशी वाटते.

नोनाका १९२५ साली क्योतो प्रांतातील सोनोबे येथे जन्मले. तरुणपणी ते ओसाकात रेल्वेच्या नोकरीत होते. तेथे त्यांचे मूळ उघड झाले, सहकाऱ्यांची नजर बदलली आणि ते नोकरी सोडून गावी परतले. ज्या गावाला आपला जन्म ठाऊक आहे तेथूनच त्यांनी राजकारण सुरू केले. १९५१ साली ते नगरसभेचे सदस्य झाले. पुढे नगराध्यक्ष, प्रांतिक सभेचे सदस्य, उपराज्यपाल अशा पायऱ्या चढत १९८३ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, ते राष्ट्रीय संसदेत पोचले. १९९४ साली मुरायामा मंत्रिमंडळात ते गृहव्यवहार मंत्री होते. १९९८ साली ओबुची मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव झाले. हे पद पंतप्रधानाच्या उजव्या हाताचे. २००० साली ते पक्षाचे सरचिटणीस झाले.

या सत्तेचा उपयोग त्यांनी कशासाठी केला? उत्तर सरळ नाही. उमेदीच्या वयात त्यांनी लष्करी गणवेश घातला होता, युद्ध जवळून पाहिले होते. त्यामुळे युद्धविरोधी राज्यघटनेला हात लावण्यास आणि इराकमध्ये सैन्य पाठवण्यास त्यांनी विरोध केला. पण राष्ट्रध्वज आणि सम्राटाचे स्तवन करणारे राष्ट्रगीत यांना कायद्याचे अधिष्ठान देणारा १९९९ चा कायदा मंजूर करून घेण्यात तेच पुढे होते. ज्या सिंहासनामुळे माणसामाणसांत जन्माची उतरंड टिकते, त्याच सिंहासनाच्या गीताला बुराकूपुत्राने कायद्याचे बळ दिले.

येथे मला जिइचिरो मात्सुमोतो आठवतात. १९२२ साली क्योतोत स्थापन झालेल्या सुइहेइशा या मुक्तिसंघटनेचे ते नेते. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष असताना, १९४८ साली, सम्राटासमोर खेकड्यासारखे आडवे चालण्याची प्रथा त्यांनी धुडकावली. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर सार्वजनिक पदांची बंदी आली. मात्सुमोतोंनी उतरंडीलाच नकार दिला. नोनाका तीच उतरंड चढत गेले.

चढता चढता शेवटची पायरी आली. २००१ साली पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव चर्चेत होते. त्याच सुमारास पक्षातील तारो आसो यांनी एका बैठकीत, बुराकूतला माणूस पंतप्रधान कसा होऊ द्यायचा, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे नोनाकांच्या कानी आले. २००३ साली निवृत्त होताना पक्षाच्या सर्वोच्च समितीत उभे राहून, आसोंच्या समोर, नोनाकांनी ते बोलून दाखवले आणि मी क्षमा करणार नाही असे सांगितले. पत्रकार अकिरा उओझुमी यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हा प्रसंग नोंदला गेला. आसोंनी आरोप नाकारला. २००८ साली आसो पंतप्रधान झाले.

आसोंचे पणजोबा-आजोबा सत्तेत होते. त्यांचे आजोबा शिगेरू योशिदा स्वतः पंतप्रधान होते. एकाचा जन्म भांडवल ठरला, दुसऱ्याचा अडसर. पन्नास वर्षांची निष्ठा पक्षाला वाहूनही हा हिशेब बदलला नाही.

नोनाका २०१८ साली वारले. बुराकू भेदभाव अजून अस्तित्वात आहे, अशी कबुली देणारा कायदा जपानच्या संसदेने २०१६ साली केला. त्यात शिक्षेची तरतूद नाही. म्हणून सत्ता नकोच, असा निष्कर्ष मी काढत नाही. सत्तेवाचून रेल्वेच्या त्या कारकुनाचे नावही कोणी ऐकले नसते, आणि समितीत उभे राहून बोलण्याची जागाही त्याला मिळाली नसती. पण तो बोलला तो निवृत्तीच्या दिवशी, आणि एकटा. समाजाची संघटित शक्ती पाठीशी नसलेला प्रतिनिधी कितीही उंच चढला तरी ज्यांच्या शिडीवरून तो चढतो, ती काढून घेण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहतो.