कोऱ्या नळीची साक्ष

२३ मार्च २०२० रोजी पहिल्या स्वदेशी कोविड आरटी-पीसीआर किटला मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. ते पुण्याच्या मायलॅब कंपनीचे, आणि त्याचे उत्पादन लोणावळ्यातले. विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या चमूने ते सहा आठवड्यांत उभे केले. बोलबाला झाला तो या वेगाचा आणि १,२०० रुपये किमतीचा. पण एवढ्या घाईतल्या चाचणीवर भरवसा का ठेवायचा, याचे उत्तर वेगातही नाही आणि किमतीतही नाही. ते आहे रुग्णाचा नमुना ज्यांत घालतच नाहीत, त्या नळ्यांत.

पीसीआर म्हणजे गुणाकार. नाका-घशातून आलेल्या नमुन्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढतात आणि एका विकराकडून त्याची डीएनए प्रत करून घेतात. नळी सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवली की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. निववली की प्रायमर नावाचे तुकडे आपल्या जुळत्या जागी चिकटतात आणि तिथून नवा धागा विणला जातो. प्रत्येक फेरीत दुप्पट, म्हणजे दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४ आणि तिसांत शंभर कोटींवर. प्रती वाढतात तशी नळीतली चमक वाढते आणि यंत्र ती मोजते. मात्र हा गुणाकार आंधळा आहे. पातेलेभर दुधाला थेंबभर विरजण पुरते, तसा शेजारच्या नळीतून उडालेला तुषार निरोगी माणसाला बाधित ठरवू शकतो. म्हणून प्रत्येक खेपेत एका नळीत रसायनांसोबत नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घालतात; ही कोरी नळी चमकली तर खेप बाद. दुसरीत विषाणूचा जनुकीय तुकडा मुद्दाम घातलेला असतो. ती चमकली नाही तर रसायनांत किंवा यंत्रात बिघाड. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झालेली या किटची परीक्षाही याच न्यायाची होती: उत्तर आधीच ठाऊक असलेले बाधित आणि निरोगी नमुने. त्यांत हे किट शंभर टक्के बरोबर ठरले.

यावर आक्षेप असा, की पुढे बाधितही निगेटिव्ह आले आणि बरे झालेले पॉझिटिव्ह. हे खरेच आहे. पण नाका-घशात काडी नीट फिरली नाही किंवा नमुना फार लवकर घेतला, तर नळीत विषाणू येणार कुठून? आणि चाचणी आरएनए शोधते. तो जिवंत विषाणूचा की संपलेल्या आजाराचा अवशेष, हे तिला विचारलेलेच नसते. कोऱ्या नळीमुळे या चुका टळत नाहीत, पण खोट नळीत शिरली की नळीबाहेर होती, एवढे तिच्यामुळे सांगता येते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालात तिचा उल्लेखही नसतो. ती अंधारी राहिली म्हणून तो अहवाल निघालेला असतो.