वजन जमिनीत उतरवणारं यंत्र

एक्सोस्केलेटन म्हटलं की डोळ्यांपुढे सिनेमातला पोलादी वीर येतो. मुंबईत हा यांत्रिक सांगाडा ज्या थोड्या ठिकाणी आहे, तिथे तो पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या एखाद्या साठीतल्या माणसाच्या पायांना बांधलेला असतो. जागा म्हणजे मोठ्या खासगी रुग्णालयाचा फिजिओथेरपी विभाग. यंत्र एका जागी ठाम उभं. सरकतो तो फक्त पायांखालचा पट्टा.

या जातीचं जगभर ओळखीचं यंत्र म्हणजे स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचं ‘लोकोमॅट’. रुग्णाच्या छातीला आणि कमरेला पट्टे आवळून त्याला वरून टांगतात, म्हणजे अंगाचा हवा तेवढा भार दोर पेलतो आणि उरलेला पायांवर येतो. मांड्या-पोटऱ्यांना लागून धातूच्या पट्ट्या, खुब्याला आणि गुडघ्याला मोटर, खाली ट्रेडमिल. मोटर पाय उचलते, पुढे टाकते, टेकवते. रुग्ण स्वतः किती जोर लावतो हे यंत्र मोजत राहतं, आणि तो जोर वाढला की थेरपिस्ट यंत्राची मदत कमी करतो. मदत कमी करत जाणं हाच यातला खरा उपचार. नाहीतर पाय हलतात आणि मेंदू झोपलेला राहतो.

हेच काम हातांनी करायचं तर दोन फिजिओथेरपिस्ट पट्ट्याच्या दोन बाजूंना खाली बसून एकेक पाय उचलत राहतात, तिसरा मागून कंबर सावरतो. बऱ्याचदा रुग्णाआधी तेच दमतात. झटक्यात मेंदूचा जो भाग गेला त्याचं काम शेजारच्या भागानं शिकायचं, तर तीच हालचाल शेकडो वेळा, न चुकता व्हावी लागते. इथे न थकणाऱ्या मोटरचा उपयोग होतो.

गुण येतो का? झटक्यानंतर यंत्राच्या मदतीनं चालायला शिकवण्याच्या ६२ चाचण्यांचा, २,४४० रुग्णांचा आढावा कोक्रेन संस्थेनं २०२० मध्ये प्रसिद्ध केला. यंत्राला नेहमीच्या फिजिओथेरपीची जोड दिली तर आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. पण हा फायदा मुख्यतः दोघांना: झटका येऊन तीन महिने व्हायच्या आत सुरुवात करणाऱ्यांना, आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांना. काठी टेकत का होईना, जो चालतो आहे, त्यानं रोबोटच्या नावावर मोठी रक्कम मोजण्याआधी थेरपिस्टला चार प्रश्न विचारावेत.

आणि ते पहिले तीन महिनेच उपनगरात हातचे निसटतात. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस डिस्चार्ज घेऊन घरी येतो. त्याला रोज खाली उतरवायचं, रिक्षात बसवायचं, तासाभरासाठी नेऊन आणायचं, म्हणजे घरातल्या एकानं नोकरीवर पाणी सोडायचं. वैद्यकीय आढाव्यात जिन्याचा रकाना नसतो.

दुसरी जात घालून फिरायच्या यंत्रांची. अमित गॉफर हे इस्रायली इंजिनियर. १९९७ मधल्या अपघातानंतर त्यांचे हातपाय लुळे पडले आणि त्यांनी ‘रीवॉक’ घडवलं: पायांना मोटरचे सांधे, मनगटावर घड्याळासारखा कंट्रोलर, आणि दोन्ही हातांत कुबड्या, कारण तोल सांभाळणं यंत्राला जमत नाही. कुबड्या धरायला हात धड हवेत, त्यामुळे खुद्द गॉफर यांना आपलंच यंत्र वापरता येत नव्हतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये ते घरी वापरायला परवानगी दिली. २०२४ मध्ये तिथल्या सरकारी विमा योजनेनं त्याची किंमत ९१ हजार डॉलरच्या घरात धरली. तेव्हाच्या दरानं आपले साधारण पंचाहत्तर लाख रुपये. एवढ्यात विरारला वन बीएचके येतो, आणि बिल्डिंगला लिफ्टही असते.

तरी याला श्रीमंतांचं खेळणं म्हणून झटकून टाकता येत नाही. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाचा दिवसभर बसून घात होतो: बेडसोर, ठिसूळ होणारी हाडं, तुंबलेलं पोट, आखडणारे स्नायू. रोज थोडा वेळ उभं राहणं हे त्याच्यासाठी औषध आहे. पण ते औषध कॅलिपर लावून, पॅरलल बारच्या आधारानंही मिळतं, आणि कॅलिपरची मुंबईला जुनी ओळख आहे. हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन १९५५ पासून आहे. पोलिओच्या काळात उपनगरांतले किती आईबाप मुलाला कडेवर घेऊन महालक्ष्मीला उतरले असतील. कॅलिपर म्हणजे धातूच्या दोन पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी खटका, खाली बूट. तो खटका हातानं सोडला की बसता येतं. हासुद्धा बाहेरून बांधलेला सांगाडाच, फक्त बिनमोटरचा. केंद्राच्या ‘अॅडिप’ योजनेतून १९८१ पासून अशी साधनं गरजूंना मिळतात. पट्टा तुटला तर स्टेशनबाहेरचा चांभार तो शिवून देतो.

ही शिवून देण्याची सोय मला मोटरच्या सांध्यापेक्षा मोलाची वाटते. २०२४ मध्येच अमेरिकेत एका माणसाचं एक्सोस्केलेटन मनगटावरच्या कंट्रोलरमधल्या किरकोळ बिघाडानं बंद पडलं. यंत्र पाच वर्षांहून जुनं, म्हणून कंपनी दुरुस्त करेना. बातम्या आल्या तेव्हा हालचाल झाली. तिथे ही गत, तर घाटकोपरच्या माणसानं यंत्र कुठे दाखवायचं?

तिसरा उपयोग धडधाकट माणसांसाठी. त्याचा इतिहास गमतीचा आहे. जनरल इलेक्ट्रिकनं १९६० च्या दशकात ‘हार्डिमन’ नावाचा अजस्र सांगाडा बांधायला घेतला. माणसाची ताकद पंचवीस पट करायची, असा बेत होता. वजन सुमारे ६८० किलो. सगळे सांधे एकदम चालू केले की तो बेफाम झटके द्यायचा, म्हणून आत माणूस घालून तो कधी चालवलाच नाही. नंतरच्या अनेकांनी मोटरच काढून टाकली. आजच्या कारखान्यांतली बरीचशी एक्सोस्केलेटन नुसत्या स्प्रिंगवर चालतात. वाकताना स्प्रिंग ताणली जाते, उठताना ती ताकद परत देते. कमरेवरचा ताण छातीच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यांवर वाटला जातो. २०१६ च्या एका आढाव्यानुसार अशा साधनांनी पाठीच्या स्नायूंचं काम १० ते ४० टक्क्यांनी हलकं होतं. खांद्यांसाठीही असे बनियन आहेत. फोर्डनं २०१८ मध्ये, डोक्यावर हात धरून गाडीच्या पोटात स्क्रू पिळणाऱ्या कामगारांसाठी, ते आपल्या १५ कारखान्यांत वापरायला दिले.

मग हे आपल्या माथाडींना का नको? उत्तर सोपं नाही, कारण ओझं वाहण्याची रीतच वेगळी आहे. ही साधनं युरोपातल्या गोदामासाठी बेतलेली: खोका जमिनीवरून उचलायचा, रॅकवर ठेवायचा. आपला माथाडी वाकून पाठीवर गोणी घेतो, हुकानं धरतो आणि फळीवरून ट्रकमध्ये चढतो. किंवा डोक्यावर चुंबळ ठेवून वर पाटी. भार वरून मणक्यावर येतो, तिथे कमरेची स्प्रिंग काय करणार? पाठीवरचं वजन पायांच्या बाहेरून थेट जमिनीत उतरवणारे सांगाडे अमेरिकी सैन्यासाठी बनले. त्यांतला ‘हल्क’ सुमारे ९० किलो पेलायचा, पण बॅटरी आणि अवघडलेली चाल यांपायी तो सैन्यात रुजला नाही. फळीवर तर तो पहिल्याच दिवशी घसरला असता.

वाकून खोका उचलण्याचं काम उपनगरात वाढलंय ते पार्सलच्या गोदामांत: मरोळ, साकीनाका, पुढे भिवंडी. तिथे स्प्रिंगवालं साधन चपखल बसेल. अडचण घामाची. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली छातीला आणि मांड्यांना पट्टे आवळून आठ तास काढायचे, हे युरोपातल्या चाचण्यांत कुणी करून पाहिलेलं नसतं. दुसरी अडचण मालकाची. कमरेला आधार मिळाला की नगांचा कोटा वाढणार, आणि वाचलेली कंबर पुन्हा तेवढीच दुखणार.

महाराष्ट्राकडे यासाठी एक जुनी व्यवस्था मात्र आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यानं मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेऊन प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी पाहणारी मंडळं उभी केली. साधन मालकाच्या मेहरबानीनं मिळण्याऐवजी अशा मंडळाच्या पैशातून यावं आणि ते घालायचं की नाही हे टोळीनं ठरवावं. पार्सल गोदामांतली बरीच मुलं कंत्राटदारामार्फत आलेली, मंडळात नाव नसलेली. तेव्हा आधी त्यांची नोंदणी करावी लागेल. प्रयोग एका गोदामात, एका उन्हाळ्यात करून पाहावा. आणि मजुरी नगावर असेल, तर पट्टे बांधण्यात-सोडण्यात जाणारी मिनिटंही मजुरीत धरावी लागतील, नाहीतर पहिल्या आठवड्यातच साधन खुंटीला लागेल.