पुण्याच्या पोटात (भाग ६) : कात्रजच्या नळाचे उच्छ्वास

कात्रजच्या तलावाचं पाणी नुसत्या उतारावर शनिवारवाड्यापर्यंत कसं पोहोचत असे, ते मागच्या भागात पाहिलं. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास हाती घेतलेलं हे काम. आज त्याच नळाचा एक भाग पाहू, जो पाण्याइतकाच माणसासाठी बांधला होता.

नळ म्हणायची रीत आहे, पण तो दगडचुन्यातला बोगदाच आहे. आत उतरून माणूस चालू शकेल एवढा. त्यावर अंतराअंतराने जमिनीच्या वरपर्यंत आणलेली विहिरीसारखी बांधकामं म्हणजे उच्छ्वास. कोंडलेली हवा तिथून बाहेर पडे. पाण्याबरोबर आलेला गाळ तळाच्या खोलगट भागात बसे आणि खाली उतरून तो उपसता येई. देखभालीची ही वाट आराखड्यातच होती, मागाहून सुचलेली नव्हती. काळा हौद, सदाशिव हौद, फडके हौद वर्षानुवर्षं भरत राहिले, यामागे बांधकामाच्या मजबुतीइतकंच या वाटेचं श्रेय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचं धरण झालं. पुढे घरोघरी तोट्या आल्या, हौदांची गरज सरली आणि नळाकडचं लक्षही उडालं. मग त्याच्यावरून रस्ते गेले, इमारतींचे पाये खणताना तो कुठे फुटला, कुठे चोंदला. उच्छ्वास बुजले. शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत झिरपू लागलं, की पिण्याचा नळ सांडपाण्याची वाट होतो.

अशा जुन्या बोगद्याची दुरुस्ती करायची तर आधी तो नेमका कुठून जातो ते नकाशावर यायला हवं. जमिनीवरून रडार फिरवून पोकळी शोधता येते, आत कॅमेरा सोडता येतो, पाण्यात रंग सोडून ते कुठे निघतं ते पाहता येतं. त्यानंतर सांडपाण्याची गळती बंद करायची. ती चालू असताना गाळ उपसणं म्हणजे नुसता खर्च. शेवटी दरजा भरायच्या, आणि इथे घाई नडते. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि कमी श्वास घेणारं असतं. जुन्या बांधकामात किंचित हालचाल झाली की कडक सांधा सुटतो, किंवा ओल अडून शेजारचा दगड खराब होतो. चुन्याच्या कामाला चुनाच लागतो, आणि तो मुरायला वेळही द्यावा लागतो. या नळाचा मार्ग विकास आराखड्यात ठळक रेषेने दाखवून बांधकाम परवान्याच्या वेळी तपासला जावा, असं माझं मत आहे.

मेट्रोच्या बोगद्यांचं बांधकाम वेगळं, पण देखभालीची गरज तीच. शिवाजीनगर ते स्वारगेट हे जोडबोगदे यंत्रांनी बेसाल्टमधून, मुठेच्या पात्राखालून आणि पेठांमधल्या जुन्या वाड्यांखालून नेले. यंत्रांना नावंही मुळा, मुठा, पवना अशी नद्यांचीच. सिव्हिल कोर्टचं स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. कोरलेल्या खडकाला आतून काँक्रीटच्या तुकड्यांची कडी बसवतात आणि कडी व खडक यांमधल्या फटीत ग्राउट दाबून भरतात. ते नीट भरलं नाही, तर वरची जमीन खचू शकते किंवा सांध्यांतून पाणी झिरपतं. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत गाडी सुरू झाली. आता दर रात्री गाड्या थांबल्यावर सांधे, पंप, वायुवीजन तपासणाऱ्यांचं काम कधीच संपणार नाही.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. शहरातल्या या उघड्या कालव्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा प्रस्तावित आहे. गळती, बाष्पीभवन आणि चोरी कमी होईल हे खरं, पण उघड्या कालव्याला पडलेली भेग काठावरून दिसते. बोगद्यातली दिसत नाही. खोदकामासाठी जे उभे-आडवे मार्ग काढावे लागतील, त्यांतले कोणते नंतर बुजवायचे आणि कोणते तपासणीसाठी कायम उघडे ठेवायचे, हे निविदेच्या कागदांतच लिहिलेलं असावं. त्या मार्गावरचा खडक कसा आहे, ते पुढच्या आठवड्यात.