डेटाबेसच्या पोटात (लेखांक ७) : एका कट्ट्याची दोन वजनं

मागच्या लेखांकात पोस्टग्रेसच्या आठ किलोबाइटच्या पानावर ओळी कशा बसतात ते पाहिलं. आज त्या ओळी वाचणाऱ्या कोडकडे वळू. हा कोड सी भाषेत आहे आणि त्यात मॅक्रोंचा सुकाळ होता.

मॅक्रो म्हणजे कंपायलर कामाला लागण्याआधीच उरकलेलं ‘शोधा आणि बदला’. नाव दिसलं की त्या जागी मजकूर चिकटवायचा. मजकुराचा अर्थ काय, टाइप कोणता, याच्याशी देणंघेणं नाही. दुप्पट(क) म्हणजे क + क असं ठरवलं आणि कुठे ३ * दुप्पट(५) वापरलं, तर प्रत्यक्षात ३ * ५ + ५ होतं. ३० ऐवजी २०. हा घोळ कंस घातले की मिटतो आणि पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात. खरी गोम पुढे आहे.

रायपूरच्या आसपासच्या धान खरेदी केंद्रांवर हंगामात काटा थांबत नाही. कट्टा म्हणजे धानाचं पोतं, ४० किलोचं. समजा, काट्याला जोडलेल्या प्रोग्रॅममध्ये पुढचं_वजन() नावाचं फंक्शन आहे. ते चाललं की पुढचा कट्टा काट्यावर येतो आणि त्याचं वजन हाती पडतं. मोठा(अ, ब) हा मॅक्रो कंसांसकट व्यवस्थित लिहिलेला आहे: ((अ) > (ब) ? (अ) : (ब)). आता मोठा(पुढचं_वजन(), ४०) असं लिहून पाहा. पहिला कट्टा ४१ भरला. तो ४० पेक्षा जास्त, म्हणजे उत्तर ‘अ’. पण ‘अ’ हा आकडा नाहीच. तो चिकटवलेला मजकूर आहे. म्हणून पुढचं_वजन() पुन्हा चालतं, दुसरा कट्टा काट्यावर चढतो आणि ३८ भरतो. उत्तर ३८. दोहोंतला मोठा मागितला आणि ४० पेक्षा लहान मिळाला, वर एक कट्टा हिशेबातून गायब. कंपायलर मात्र गप्प, कारण त्याच्यापर्यंत पोचलेल्या ओळीत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

हेच काम मॅक्रोऐवजी इनलाइन फंक्शनकडे दिलं, तर पुढचं_वजन() एकदाच चालतं, ४१ हा आकडा आत जातो आणि ४१च बाहेर येतो. शिवाय फंक्शनच्या अंगाचा कोड कंपायलर जागच्या जागी उतरवू शकतो, म्हणजे फंक्शन बोलावण्याचा खर्चही वाचतो. ‘शकतो’ म्हणायचं कारण, सी भाषेत इनलाइन हा शब्द नुसती विनंती असतो. मानायची की नाही ते कंपायलर ठरवतो.

मग आधीच्या लोकांनी मॅक्रो का लिहिले? त्यांना हे कळत नव्हतं असं समजणं शुद्ध आगाऊपणा होईल. पोस्टग्रेसचं मूळ बर्कलीत, १९८६ सालचं. १९८९च्या प्रमाण सी भाषेत इनलाइन नव्हतंच. ते आलं सी ९९ मध्ये, आणि सगळ्या कंपायलरांपर्यंत ते पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. पोस्टग्रेसनं इनलाइनवर बिनशर्त भिस्त ठेवली ती २०१६च्या ९.६ आवृत्तीपासून, आणि सी ९९ सक्तीचं केलं २०१९च्या १२व्या आवृत्तीत.

आता एक खरं उदाहरण, आपल्या माणसाच्या कामातलं. खरेदी केंद्राच्या साठ्याची ओळ दिवसभर बदलत राहते. पोस्टग्रेस जुनी ओळ जागीच खोडत नाही, नवी प्रत लिहितो; आणि पूर्वी अशा प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागे. २००८च्या ८.३ आवृत्तीत पवन देवलसी यांच्या ‘हॉट’ या कामानं हा भार उतरवला. इंडेक्स केलेला कॉलम बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सला हात लावायची गरज उरली नाही. ओळ ‘हॉट’ पद्धतीनं बदलली आहे का, हे ओळीच्या २३ बाइटच्या हेडरमधला एक बिट सांगतो. तो तपासणारा मॅक्रो आणखी दोन गोष्टी बघायचा, म्हणजे ओळीचा पत्ता त्यात अनेकदा चिकटायचा. पत्त्याच्या जागी साधं नाव असेल तर बिघडत नाही. तिथे कोणी ‘पुढची ओळ आण’ असं फंक्शन घातलं, की मघाचाच काटा. २०२५च्या १८व्या आवृत्तीत, हा मॅक्रो ज्या हेडर फाइलमध्ये होता तिथले मॅक्रो इनलाइन फंक्शनं झाले.

या सगळ्या खटाटोपाची मला सर्वांत पटलेली बाजू वेगाची नाही. पोस्टग्रेसमध्ये कुठलंही मूल्य ‘डेटम’ नावाच्या एका सर्वसाधारण खोक्यात घालून फिरवतात. खोक्यात घालायला एक मॅक्रो, काढायला दुसरा. दोन्ही करायचे काय, तर नुसता टाइप बदलायचा. त्यामुळे घालायच्या जागी काढायचा मॅक्रो वापरला तरी कोड कंपाइल व्हायचा, आणि बहुतेक वेळा चालायचासुद्धा! २०२२ साली पीटर आयझेनट्राउट यांनी या मॅक्रोंची फंक्शनं करायला घेतली तेव्हा अशा उलटसुलट जागा उघड्या पडल्या. सप्टेंबरमध्ये आधी त्या दुरुस्त झाल्या, मग फंक्शनं आली. अर्थात सगळंच पकडलं जात नाही. डेटम हा मुळात पूर्णांक. पॉइंटर आणि पूर्णांक यांची गल्लत झाली तर कंपायलर ओरडतो, पूर्णांकाच्या जागी दुसरा पूर्णांक गेला तर तो अजूनही मुकाट पुढे जातो.

सगळे मॅक्रो काढा, असा हट्ट धरणारे भेटतात. त्यांनी पोस्टग्रेसचा चुका नोंदवणारा ‘ईरिपोर्ट’ मॅक्रो बघावा. चूक कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर झाली हे त्याला वापराच्या जागीच टिपायचं असतं. त्याचं फंक्शन केलं तर ते स्वतःच्याच ओळीचा आकडा सांगत बसेल. यादीवरून फिरणारा ‘फॉरईच’ म्हणजे अर्धवट उघडलेला लूप, तो फंक्शनमध्ये मावत नाही. आणि ‘मॅक्स’ अजून मॅक्रोच आहे, कारण तो कुठल्याही संख्येला चालावा लागतो आणि सी भाषेत टेम्प्लेट नाहीत. तिथे उपाय जुनाच: वजन आधी एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, मग तुलना करायची.

पुढच्या लेखांकात: ओळीच्या जुन्या प्रती उचलणारा व्हॅक्यूम.