पडद्यावरून ऐकू आलेली ऐरण

एखाद्या बँडशी श्रोत्याची ओळख बहुधा त्याच्या गाण्यापासून सुरू होते. गाणे कानात रुजल्यावर तो वाजवणाऱ्यांची नावे विचारतो, त्यांचे इतर अल्बम धुंडाळतो, आणि त्या माणसांच्या आयुष्याकडे त्याचे लक्ष गेलेच तर ते सर्वांत शेवटी जाते. संगीतविषयक माहितीपट हा क्रम उलटा करतो, कारण तेथे प्रेक्षकाला आधी माणसे भेटतात, त्यांची घरे, त्यांच्या उधाऱ्या आणि त्यांची भांडणे कळतात, आणि संगीताचा परिचय त्यांच्या मागून होतो. कॅनडातील टोरोंटो शहराच्या ‘ॲन्व्हिल’ या हेवी मेटल बँडच्या बाबतीत हे जितके ठळकपणे घडले तितके क्वचितच कोणाच्या बाबतीत घडले असेल. साशा गर्वासी यांनी दिग्दर्शित केलेला ‘ॲन्व्हिल! द स्टोरी ऑफ ॲन्व्हिल’ हा माहितीपट जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा हा बँड ३० वर्षांचा होऊ घातला होता, त्याचे १३ अल्बम तयार झालेले होते, आणि तरीही माहितीपट पाहणाऱ्या बहुसंख्य लोकांनी त्याचे नाव कधी ऐकलेले नव्हते.

ॲन्व्हिल म्हणजे लोहाराची ऐरण. या नावाची निवड किती नेमकी होती हे समजण्यासाठी हेवी मेटल या संगीतप्रकाराची घडण थोडी पाहावी लागते. विजेवर चालणाऱ्या गिटारचा ध्वनी वाढवताना तो मुद्दाम फाटेल, खरबरीत होईल अशी योजना करणे, ज्याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात, हा या प्रकाराचा पाया आहे. त्या खरबरीत आवाजात एक छोटी, ठाशीव स्वरावली पुन्हा पुन्हा वाजवली जाते, तिला ‘रिफ’ म्हणतात, आणि सगळे गाणे या रिफच्या आधाराने उभे राहते. रिफ हा तापलेला लोखंडाचा तुकडा मानला तर ड्रमचा आघात हा त्यावरचा घण, आणि दोन्हींचा मिळून जो नाद उठतो तोच या बँडने आपल्या नावात पकडला.

गायक आणि गिटारवादक स्टीव्ह कुडलो, ज्यांना सारे ‘लिप्स’ म्हणतात, आणि ड्रमवादक रॉब रायनर हे दोघे टोरोंटोतील ज्यू कुटुंबांतले, किशोरवयात एकत्र वाजवू लागलेले मित्र. रायनर यांचे वडील ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले होते, याचा उल्लेख माहितीपटातही येतो. १९७८ मध्ये या दोघा मित्रांनी बँड उभा केला आणि त्याचे नावही आधी ‘लिप्स’ असेच ठेवले. १९८१ मध्ये ‘हार्ड अँड हेवी’ हा अल्बम त्यांनी स्वतःच्या खर्चाने काढला, ॲटिक रेकॉर्ड्स या कॅनडातील ध्वनिमुद्रण कंपनीने तो स्वीकारला, आणि त्याच सुमारास बँडचे नाव ॲन्व्हिल झाले. पुढच्या दोन वर्षांत ‘मेटल ऑन मेटल’ (१९८२) आणि ‘फोर्ज्ड इन फायर’ (१९८३) हे दोन अल्बम आले, ज्यांचे निर्माते ख्रिस त्सांगरायडिस होते. आणि ॲन्व्हिलचे संगीतातील स्थान ठरवायचे असेल तर ते मुख्यतः या दोन अल्बमांवरून ठरवावे लागते.

या अल्बमांत नवे होते ते प्रामुख्याने रायनर यांचे वादन. रॉकच्या ड्रमसंचात जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा, खर्जाचा ड्रम पायपट्टीने वाजवला जातो. तो सहसा एकच असतो आणि एकाच पायाने वाजतो. रायनर यांनी असे दोन ड्रम दोन पायांनी आलटून पालटून इतक्या वेगाने वाजवले की सुटे ठोके वेगळे न राहता त्यांची एक सलग घरघर तयार झाली आणि तिच्यावर गिटारची रिफ स्वार झाली. ‘मेटल ऑन मेटल’मधील ‘सिक्स सिक्स सिक्स’ हे गाणे ऐकले की हा परिणाम सहज ध्यानात येतो. याच काळात अमेरिकेत मेटालिका, स्लेयर, अँथ्रॅक्स हे तरुण बँड आकार घेत होते, आणि हेवी मेटलला पंक संगीताचा वेग आणि आक्रमकता देऊन त्यांनी जो उपप्रकार घडवला तो ‘थ्रॅश मेटल’ म्हणून ओळखला गेला. ॲन्व्हिलला थ्रॅशचा जनक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण इंग्लंडमधील मोटरहेडसारखे बँड त्याआधीच त्या वाटेवर होते. पण जुन्या हेवी मेटलमधून थ्रॅशकडे जाणाऱ्या पुलाची एक भक्कम कमान ॲन्व्हिलने बांधली, असे म्हणायला हरकत नाही. माहितीपटाच्या प्रारंभी मेटालिकाचे लार्स उलरिक, अँथ्रॅक्सचे स्कॉट इयान, स्लेयरचे टॉम अराया, गन्स अँड रोझेसचे स्लॅश आणि मोटरहेडचे लेमी हे सारे या बँडविषयी आदराने बोलतात, तेव्हा तो निव्वळ सौजन्याचा भाग नसतो.

मग इतरांची नावे जगभर गाजली आणि ॲन्व्हिल मागे का राहिला? माहितीपट हा प्रश्न एका दृश्यातून उभा करतो. ऑगस्ट १९८४ मध्ये जपानमध्ये ‘सुपर रॉक’ नावाचा फिरता महोत्सव झाला, ज्यात स्कॉर्पियन्स, व्हाइटस्नेक, बॉन जोव्ही हे बँड होते आणि त्यांच्याच बरोबरीने ॲन्व्हिलही होता. इतरांचे अल्बम पुढे लाखोंनी खपले, एकट्या ॲन्व्हिलचे खपले नाहीत. याचे उत्तर गुणवत्तेत शोधण्यापेक्षा त्या काळच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक आहे. अल्बम तयार करणे हे त्या व्यवसायातील अर्धेच काम होते. तबकड्या आणि कॅसेट अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत पोचवणे, रेडिओवर गाणी वाजतील असे पाहणे, दौऱ्यासाठी आगाऊ पैसे उभे करणे हे उरलेले अर्धे काम मोठ्या कंपन्यांच्या हाती होते, आणि तसा भक्कम अमेरिकी आधार ॲन्व्हिलला मिळाला नाही. त्यात १९८३ नंतरचा अल्बम, ‘स्ट्रेंग्थ ऑफ स्टील’, थेट १९८७ मध्ये आला. ज्या चार वर्षांत थ्रॅश मेटल तळघरांतून बाहेर पडून मोठ्या रंगमंचांवर पोचले, नेमक्या त्याच चार वर्षांत त्याच्या वाटाड्यांपैकी एक गप्प राहिला. मंचावर लिप्स यांचा चामडी पट्ट्यांचा उघडावाघडा वेश आणि अनेक गाण्यांतील उघड शृंगारिक थिल्लरपणा यांमुळेही त्यांच्या वादनातील गांभीर्य पुष्कळांच्या नजरेतून निसटले असावे. माहितीपट या बाजूकडे ममतेने पाहतो, पण एखाद्या श्रोत्याला ती आजही खटकली तर त्याला दोष देता येणार नाही.

गर्वासी यांचे या बँडशी असलेले नाते माहितीपटाच्या जडणघडणीत फार महत्त्वाचे आहे. १९८२ मध्ये लंडनच्या मार्की क्लबमध्ये ॲन्व्हिलचा कार्यक्रम झाला तेव्हा ते शाळकरी वयाचे चाहते होते, आणि पुढे त्यांनी बँडच्या दौऱ्यांवर ‘रोडी’ म्हणून, म्हणजे वाद्यांची ने-आण आणि मंचावरील मांडणी करणारा मदतनीस म्हणून काम केले. नंतर ते पटकथाकार झाले. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘द टर्मिनल’ (२००४) या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा वाटा होता. २००५ मध्ये त्यांनी लिप्स यांच्याशी पुन्हा संपर्क साधला आणि बँड अजूनही वाजवतो आहे हे कळल्यावर चित्रीकरण सुरू केले. निवेदकाचा आवाज न वापरता कॅमेरा माणसांच्या मागे राहून जे घडते ते टिपत जातो, या पद्धतीला निरीक्षणात्मक माहितीपट म्हणतात. तिच्यात माणसाने कॅमेऱ्याचे अस्तित्व विसरावे लागते, आणि ते विसरणे अनोळखी दिग्दर्शकासमोर सहसा घडत नाही. वाद्यांच्या पेट्या उचललेल्या माणसासमोर ते घडले.

म्हणूनच पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे लिप्स शाळांना जेवण पुरवणाऱ्या कंपनीची गाडी घेऊन बर्फातून डबे पोचवताना दिसतात आणि रायनर बांधकामावर घाम गाळताना दिसतात, तेव्हा त्या दृश्यांत दयेची याचना नसते. एका चाहतीने आखलेला युरोपचा दौरा या माहितीपटाचा मोठा भाग व्यापतो आणि तो पाहणे सोपे नाही: गाड्या चुकतात, प्रागमधील एका क्लबात उशिरा पोचल्यावर ठरलेली रक्कम नाकारली जाते, आणि रोमानियात सुमारे १० हजार लोक मावतील अशा सभागृहात १७४ श्रोते जमतात. हा १७४ चा आकडा एरवी मानहानीचा ठरला असता. परंतु त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर लिप्स जितक्या त्वेषाने वाजवतात, तो त्वेष पाहिल्यावर प्रेक्षकाचे लक्ष खुर्च्यांवरून मंचाकडे वळते. ज्याला संगीताच्या रियाजाची थोडीही जाण आहे त्याला हे ओळखीचे वाटेल, कारण श्रोत्यांची संख्या पाहून आपले वादन कमी-जास्त करणारा वादक आणि ती न पाहणारा वादक यांतला फरक सगळ्याच संगीतपरंपरांना ठाऊक आहे.

मात्र या माहितीपटाचा गाभा दौऱ्यात नसून पुढच्या भागात, इंग्लंडमधील डोव्हर येथे ‘धिस इज थर्टीन’ या तेराव्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी उलगडतो. जुने निर्माते त्सांगरायडिस यांच्याकडे पुन्हा जायचे ठरते, पैसे नसतात, लिप्स फोनवरून वस्तू विकण्याचे काम करून पाहतात आणि त्यात अपयशी ठरतात, शेवटी त्यांची बहीण पैसे देते. स्टुडिओत लिप्स आणि रायनर यांचे कडाक्याचे भांडण होते, बँड मोडण्याची भाषा होते, आणि मग दोघे रडत एकमेकांची समजूत काढतात. तीन दशके एकत्र वाजवणाऱ्या दोन माणसांमधील हे नाते मैत्री, संसार आणि व्यवसाय या तिन्ही शब्दांत पूर्णपणे मावत नाही. रॉक संगीतावरील अनेक माहितीपट मादक पदार्थ, पैसा आणि प्रसिद्धी यांनी मोडलेली नाती दाखवतात, येथे यांतले काहीच नसताना ताणलेले नाते दिसते, आणि हा या माहितीपटाचा सर्वांत मौलिक भाग मानला पाहिजे.

तथापि त्यातील मांडणीकडे डोळसपणे पाहणेही आवश्यक आहे. १९८४ मध्ये रॉब रायनर या दिग्दर्शकाने ‘धिस इज स्पायनल टॅप’ हा, एका काल्पनिक रॉक बँडवरचा, माहितीपटाच्या रूपातील विनोदी चित्रपट काढला होता. त्या दिग्दर्शकाचे नाव ॲन्व्हिलच्या ड्रमवादकाच्या नावाशी जुळणे हा निव्वळ योगायोग, पण अकरा आकड्यापर्यंत जाणारी ध्वनियंत्राची खुंटी आणि स्टोनहेंजची भेट ही त्या चित्रपटाची आठवण करून देणारी दृश्ये गर्वासी यांनी जाणून ठेवली आहेत. त्यामुळे प्रेक्षक आधी हसतो आणि मग आपल्या हसण्याचा विचार करू लागतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की माहितीपटाचा भर विस्मरणावर असल्यामुळे बँड जणू वीस वर्षे काळोखात होता असा समज होतो. प्रत्यक्षात १९८७ पासून २००४ पर्यंत त्याचे नऊ अल्बम निघाले. म्हणजे बँड विसरला गेला होता हे खरे असले, तरी तो थांबलेला मात्र नव्हता.

माहितीपटाच्या अखेरीस बँड जपानला परततो. टोकियोजवळील माकुहारी मेस्से येथे ऑक्टोबर २००६ मध्ये झालेल्या ‘लाउड पार्क’ महोत्सवात त्यांना दिवसाच्या सुरुवातीची वेळ मिळते, एवढ्या लवकर कोणी येईल का या शंकेने दोघे मंचाकडे चालत जातात, आणि सभागृह भरलेले असते. पुढे पडद्याबाहेरही तसेच घडले. २००९ मध्ये माहितीपट चित्रपटगृहांत आला, अनेक ठिकाणी त्याच्या खेळानंतर बँड प्रत्यक्ष वाजवू लागला, त्याच वर्षी अमेरिकेतील काही मैदानांवर एसी/डीसी या रॉक बँडच्या कार्यक्रमांआधी वाजवण्याची संधी त्याला मिळाली, आणि २०१० मध्ये माहितीपटाला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार लाभला. त्सांगरायडिस २०१८ मध्ये निवर्तले. लिप्स आणि रायनर वाजवत राहिले, आणि २०२४ मध्ये त्यांचा ‘वन अँड ओन्ली’ हा अल्बम प्रसिद्ध झाला.

माहितीपटातून बँडकडे आलेल्या श्रोत्यापुढे एक अडचण मात्र उरते, ती ही की दोघांविषयी मनात निर्माण झालेली माया कानांच्या आड येते आणि संगीत ऐकताना तो प्रत्येक ठोक्यात जिद्द, मैत्री, उपेक्षा हेच शोधू लागतो. १९८२ मध्ये, उपेक्षेची ती सगळी वर्षे अजून यायची असताना, हे संगीत ज्यांनी ऐकले त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते आणि तरीही ते त्यांना विलक्षण वाटले होते. त्यांच्यासारखे ऐकायचे असेल तर ‘मेटल ऑन मेटल’मधील ‘मार्च ऑफ द क्रॅब्स’ ही रचना निवडावी. ती केवळ वाद्यांची आहे, तिला शब्द नाहीत. दोन गिटारी आणि रायनर यांचे दोन्ही पाय एवढेच तीत धावत असतात, आणि ती ऐकताना जेवणाच्या डब्यांची गाडी किंवा रोमानियातले रिकामे सभागृह आठवायला फुरसत मिळत नाही.